संगणक बंद व्हायला दीड मिनिट का घेतो? लिनक्सच्या शटडाउनचा एक धडा

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी कामावर जायचंय. तुम्ही संगणकाला ‘शट डाउन’ सांगता आणि खुर्चीतून उठता. पण संगणक बंद होत नाही. काळ्या स्क्रीनवर एक पांढरी ओळ येते. ‘अ स्टॉप जॉब इज रनिंग फॉर’ अशी तिची सुरुवात असते आणि शेवटी सेकंद मोजले जात असतात: ४२, ४३, ४४... मर्यादा दीड मिनिट. तुम्ही थोडा वेळ बघता, कंटाळता आणि पॉवरचं बटण दाबून धरता. दिवा विझतो. संपलं.

मीही हेच करत असे. एकदा ते महागात पडलं. आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचे फोटो मी कॅमेऱ्याच्या कार्डावरून एका पेन ड्राइव्हवर घेतले. कॉपी पूर्ण झाल्याचं स्क्रीनवर दिसलं, म्हणून कार्ड पुसलं आणि संगणक बंद करायला घेतला. तीच ओळ आली, मी तेच बटण दाबलं. पुढच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह उघडली तर शेवटचे चाळीसेक फोटो फक्त नावाला होते. काही अर्धे करडे, काही शून्य बाइटचे. तोवर कार्डावर नवे फोटो काढून झाले होते. वाईट याचं वाटलं, की त्या रात्री स्क्रीनवरच्या ओळीत पेन ड्राइव्हचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलंच नव्हतं.

ती ओळ म्हणजे दर वेळी बिघाड असतोच असं नाही. तिच्यामागे चार अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा उपाय निराळा आहे. कोणती गोष्ट आहे ते ओळखायला शिकणं, हा या लेखाचा विषय.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा अधिकृत आधार संपला. त्या सुमारास अनेकांनी जुन्या पण धडधाकट संगणकांवर उबुंटू किंवा मिंटसारखी मुक्त स्रोत प्रणाली टाकली. कुणी स्वतःच्या घरी, कुणी सुट्टीत भारतात गेल्यावर आईबाबांच्या घरी. दुसऱ्या प्रकारात अडचण आली की ती फोनवरून सोडवावी लागते. म्हणून या लेखातल्या आज्ञाही फोनवर सांगतो तशाच, उच्चारानुसार लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये टंकताना रोमन लिपीतली लहान अक्षरं वापरायची.

बटण पूर्वीचं आणि आताचं

१९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत घरगुती संगणकाचं पॉवरचं बटण म्हणजे दिव्याच्या खटक्यासारखा खराखुरा स्विच असे. तो दाबला की वीज तुटायची. विंडोज ९५ वापरलेल्यांना ‘आता संगणक बंद करायला हरकत नाही’ अशा अर्थाचा नारिंगी अक्षरांतला संदेश आठवत असेल. प्रणाली आपलं काम संपवायची, पण वीज तोडायला माणूसच लागायचा.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स ही मदरबोर्डची आणि वीजपुरवठ्याची रचना आणली. तिच्यात संगणक ‘बंद’ असतानाही ५ व्होल्टचा एक छोटा पुरवठा चालू राहतो आणि मुख्य पुरवठा एका तारेवरच्या इशाऱ्याने चालू-बंद होतो. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केलं. वीज कधी आणि कशी बंद करायची हे ठरवण्याचा अधिकार त्यामुळे प्रणालीकडे आला. संगणक पूर्ण बंद असण्याच्या स्थितीला या मानकात ‘एस ५’ म्हणतात.

याचा व्यवहारातला अर्थ असा. बटण एकदा हलकेच दाबणं म्हणजे प्रणालीला केलेली विनंती. तेच बटण चार सेकंदांहून जास्त दाबून धरणं म्हणजे प्रणालीला न विचारता वीज तोडणं. दोन्ही वेळा बोट त्याच बटणावर असतं, पण आत घडतं ते फार वेगळं.

शटडाउनचे पाच टप्पे

लग्नाचं कार्यालय संध्याकाळी रिकामं करताना काय होतं ते आठवा. व्यवस्थापक येऊन सगळ्यांना सांगतो, “आवरा आता.” बहुतेक मंडळी सामान उचलून निघतात. कुणी भांडी मोजत असतं, त्याला थोडा वेळ दिला जातो. एखादा गट मात्र गप्पा मारत बसून राहतो. शेवटी व्यवस्थापक त्यांना उठवतो, खोल्या तपासतो, दिवे मालवतो आणि कुलूप लावतो. कुलूप आधी लावून चालत नाही. लिनक्सचा शटडाउन जवळजवळ असाच असतो.

बहुतेक प्रचलित लिनक्स प्रणालींत हा व्यवस्थापक म्हणजे ‘सिस्टमडी’ नावाचा प्रोग्रॅम. लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी तो २०१० मध्ये जाहीर केला. २०११ मध्ये फेडोरा १५ने, तर २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ने तो मूळ व्यवस्था म्हणून स्वीकारला. उबुंटूवर आधारलेल्या मिंटमध्येही आता तोच असतो.

टप्पा १: सिस्टमडी चालू असलेल्या सेवांची यादी घेतो आणि त्या उलट्या क्रमाने बंद करू लागतो. सुरू होताना जी सेवा दुसरीच्या नंतर उठली, ती बंद होताना तिच्या आधी थांबते.

टप्पा २: प्रत्येक सेवेला आधी ‘सिगटर्म’ हा संदेश जातो. त्याचा क्रमांक १५. अर्थ: आवर आणि नीघ. प्रोग्रॅमला या वेळात आपल्या फाइली लिहून टाकता येतात. ठरलेल्या मुदतीत तो गेला नाही तर ‘सिगकिल’ येतो, क्रमांक ९. हा संदेश प्रोग्रॅमला अडवता येत नाही की दुर्लक्षिताही येत नाही. सिस्टमडीमध्ये ही मुदत मुळात ९० सेकंद असते. स्क्रीनवर दिसणारं दीड मिनिट ते हेच.

टप्पा ३: प्रत्येक डिस्कचा उरलेला मजकूर लिहून ती प्रणालीपासून सोडवली जाते. यालाच ‘अनमाउंट’ करणं म्हणतात.

टप्पा ४: सिस्टमडी एक शेवटची फेरी मारतो. राहिलेल्या प्रक्रियांना पुन्हा सिगटर्म, मग सिगकिल. राहिलेल्या डिस्क सोडवायचा पुन्हा प्रयत्न.

टप्पा ५: आता कर्नलला सांगितलं जातं, “वीज बंद कर.” हा हुकूम चुकून दिला जाऊ नये म्हणून त्यासोबत दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात. पहिला आकडा सोळाच्या पायात लिहिला तर त्यातली अक्षरं आणि अंक मिळून ‘फील डेड’ असं वाचता येतं. दुसऱ्या आकड्याला चार पर्याय आहेत. त्यातला ६७२२७४७९३ हा आकडा सोळाच्या पायात लिहिला की २८१२१९६९ होतो. ही लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. उरलेले तीन पर्याय त्याच्या तीन मुलींच्या जन्मतारखांचे आहेत. संगणक बंद करताना रोज कुणाचा तरी वाढदिवस आपण नकळत वापरत असतो!

यानंतर एसीपीआयमार्फत मदरबोर्डला ‘एस ५’चा इशारा मिळतो आणि दिवा विझतो.

‘कॉपी झालं’ म्हणजे लिहून झालं असं नाही

माझे फोटो का गेले ते आता बघू. डिस्क किंवा पेन ड्राइव्ह मेमरीच्या मानाने फार हळू असते. म्हणून तुम्ही काही ‘साठवलं’ की कर्नल ते आधी मेमरीत ठेवतो, तुम्हाला ‘झालं’ म्हणून सांगतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. लिहायच्या राहिलेल्या या मजकुराला ‘डर्टी’ म्हणजे मळका मजकूर म्हणतात. मूळ मांडणीत कर्नल दर ५ सेकंदांनी असा मजकूर तपासतो आणि ३० सेकंदांहून जुना झालेला मजकूर डिस्कवर पाठवू लागतो. वापरता येण्याजोग्या मेमरीच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत मळका मजकूर साठू शकतो.

आता एक साधं गणित करा. ८ गिगाबाइट मेमरीच्या संगणकात ५ गिगाबाइट वापरायला मोकळी आहे. तिचे २० टक्के म्हणजे १ गिगाबाइट, सुमारे १००० मेगाबाइट. जुनी पेन ड्राइव्ह सेकंदाला १० मेगाबाइट लिहिते असं धरा. १००० भागिले १० म्हणजे १०० सेकंद. स्क्रीनवर ‘कॉपी पूर्ण’ दिसल्यानंतरही शंभर सेकंदांचं लिहिणं बाकी असू शकतं, आणि शटडाउनची मुदत तर ९० सेकंदांची. त्या रात्री माझा संगणक अडकलेला नव्हता. तो फोटो लिहीत होता आणि मी त्याची वीज तोडली.

“पण लिनक्सची फाइल प्रणाली अशा धक्क्यांतून सावरते ना?” असं तुम्ही विचाराल. सावरते, पण कशातून ते समजून घ्यायला हवं. उबुंटू आणि मिंट मुळात ‘ईएक्सटी ४’ ही फाइल प्रणाली वापरतात. ती डिसेंबर २००८ मध्ये कर्नलच्या २.६.२८ या आवृत्तीत वापरासाठी तयार म्हणून आली. तिच्याकडे एक ‘जर्नल’ असतं. दुकानदाराच्या भाषेत सांगायचं तर रोजकीर्द. कुठलाही बदल आधी कीर्दीत नोंदायचा आणि मग खतावणीत चढवायचा. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी कीर्द वाचून खतावणी जुळवता येते. मात्र नेहमीच्या मांडणीत या कीर्दीत फक्त हिशेबाच्या नोंदी असतात: फाइलचं नाव, आकार, जागा. फाइलमधला मजकूर तिच्यात नसतो. म्हणजे दुकान शाबूत राहतं, पण गाडीतून न उतरवलेला माल गेला तो गेलाच. आणि पेन ड्राइव्हवर सहसा असणाऱ्या ‘एक्सफॅट’ किंवा ‘फॅट ३२’ या प्रणालींना तर अशी कीर्दच नसते.

निदान: तीन पायऱ्या

पहिली पायरी: ओळ दिसू द्या. शटडाउनच्या वेळी नुसतं चिन्ह किंवा फिरणारं चक्र दिसत असेल तर एस्केप ही कळ दाबा. मागचे संदेश पुढे येतात.

दुसरी पायरी: फोनने त्या स्क्रीनचा फोटो काढा. ‘रनिंग फॉर’ या शब्दांनंतर काय लिहिलंय ते वाचा. डिस्कचं नाव आहे, एखाद्या सेवेचं आहे की ‘यूजर मॅनेजर’ आहे? पुढची मुदत किती आहे? त्याच वेळी पेन ड्राइव्हचा किंवा हार्ड डिस्कचा दिवा लुकलुकतोय का तेही पाहा.

तिसरी पायरी: संगणक पुन्हा सुरू केल्यावर टर्मिनल उघडा आणि मागच्या वेळची नोंदवही वाचा. आज्ञा अशी: ‘जर्नल’ या शब्दाला जोडूनच ‘सी टी एल’, मग एक जागा सोडून वजाचिन्ह आणि बी, पुन्हा जागा सोडून वजाचिन्ह आणि १, पुन्हा जागा सोडून वजाचिन्ह आणि ई. यातला बी म्हणजे बूट, वजा १ म्हणजे आत्ताच्या आधीची खेप, आणि ई म्हणजे थेट शेवटाकडे चला. बाणाच्या कळीने वर सरकत ‘टाइम्ड आउट’ हे शब्द शोधा. मुदत कुणाची संपली ते त्या ओळीत असतं. त्याच्या आसपास ‘किलिंग प्रोसेस’ असं लिहून पुढे क्रमांक आणि कंसात प्रोग्रॅमचं नाव येतं. ते नाव वहीत लिहून ठेवा. बाहेर पडायला क्यू दाबा.

मागच्या खेपेची नोंदच नाही असं उत्तर आलं तर तुमची प्रणाली नोंदी फक्त मेमरीत ठेवते आहे. मूळ फोल्डरमधल्या ‘व्हार’मध्ये ‘लॉग’ आहे, त्याच्या आत ‘जर्नल’ नावाचा फोल्डर प्रशासकाच्या अधिकाराने तयार करा आणि संगणक पुन्हा सुरू करा. तिथून पुढच्या नोंदी टिकतात.

चार कारणं, चार उपाय

कारण १: खरंच काम चालू आहे. ओळीत पेन ड्राइव्हचं किंवा बाहेरच्या डिस्कचं नाव आहे, दिवा लुकलुकतोय. उपाय एकच, थांबणं. मुदतीचे ९० सेकंद उलटले तरी घाबरू नका. डिस्कवर लिहिण्यात गुंतलेली प्रक्रिया लिहिणं संपेपर्यंत सिगकिललाही दाद देत नाही, आणि लिखाण पुढे सरकत असेल तोवर शेवटच्या फेरीतही त्याला वेळ दिला जातो. ही वेळ यायला नको असेल तर पेन ड्राइव्ह आधी ‘इजेक्ट’ करा आणि ‘काढायला हरकत नाही’ असा संदेश येईपर्यंत थांबा. टर्मिनलमध्ये ‘सिंक’ ही चार अक्षरी आज्ञा दिली तरी चालतं. तिची अक्षरं एस, वाय, एन, सी. सगळा मळका मजकूर उतरेपर्यंत ती परत येत नाही. कार्ड पुसायचं ते त्यानंतरच.

कारण २: ज्याची वाट पाहायची तेच निघून गेलंय. घरातल्या नेटवर्कवर एक सामायिक डिस्क असते, तिच्यावर घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं. शटडाउनच्या वेळी संगणक तिला शेवटचा मजकूर द्यायला जातो, पण डिस्क आधीच बंद केलेली असते किंवा वायफायच तुटलेलं असतं. संगणक उत्तराची वाट बघत राहतो. सिस्टमडी नेटवर्कवरच्या डिस्क ओळखतो आणि नेटवर्क थांबवण्याआधी त्या सोडवायचा क्रम ठेवतो. पण वायफायचा पासवर्ड फक्त तुमच्या खात्यापुरता साठवलेला असेल, तर तुमचं सत्र संपताच वायफाय जातं आणि हा क्रम मोडतो. म्हणून वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कनेक्शन ‘सर्व वापरकर्त्यांसाठी उपलब्ध’ करा. सामायिक डिस्क संगणकाच्या नंतर बंद करा, आधी नाही. ती डिस्क तुम्ही ‘एफएसटॅब’ या फाइलमधून कायमची जोडली असेल तर तिथे ‘ऑटोमाउंट’चा पर्याय निवडता येतो. मग डिस्क गरज पडेल तेव्हाच जोडली जाते. वापर नसताना ती सुटावी म्हणून मुदतही देता येते.

कारण ३: प्रोग्रॅम ऐकत नाही. ओळीत ‘यूजर मॅनेजर फॉर यूआयडी १०००’ असं असतं आणि मुदत दोन मिनिटांची. उबुंटू, मिंट किंवा फेडोरामध्ये प्रणाली टाकताना तयार केलेल्या पहिल्या खात्याचा क्रमांक १००० असतो. म्हणजे हे तुम्हीच. तुमच्या सत्रातला कुठला तरी प्रोग्रॅम निघायला तयार नाही. नोंदवहीतल्या ‘किलिंग प्रोसेस’ ओळीत त्याचं नाव सापडतं. नाव नीट कळत नसेल तर दोन-चार दिवस एक प्रयोग करा. शटडाउनआधी रोज एकेक प्रोग्रॅम हाताने बंद करा: एके दिवशी ब्राउझर, दुसऱ्या दिवशी क्लाउडशी फाइली जुळवणारा प्रोग्रॅम, तिसऱ्या दिवशी व्हर्च्युअल मशीन. ज्या दिवशी शटडाउन झटपट होईल त्या दिवशी गुन्हेगार सापडला. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर शटडाउनआधी तो बंद करायची सवय लावा.

इथे एक सल्ला सर्रास मिळतो: सिस्टमडीची मुदत ९० वरून ५ किंवा १० सेकंदांवर आणा. तसं करता येतं, आणि फेडोराने ३८व्या आवृत्तीत ही मुदत ४५ सेकंद केलीही आहे. पण कारण शोधण्याआधी मुदत कमी करू नका. जो प्रोग्रॅम नुसताच बसून आहे आणि जो प्रामाणिकपणे डेटाबेस लिहितो आहे, त्या दोघांनाही छोट्या मुदतीचा फटका सारखाच बसतो. तापाचं कारण न शोधता तापमापक फेकून देण्यासारखं ते होईल.

कारण ४: काम संपलंय, पण दिवा विझत नाही. स्क्रीनवर कर्नलची शेवटची ओळ ‘रीबूट: पॉवर डाउन’ अशी आहे, पंखा मात्र फिरतोच आहे. म्हणजे पाचही टप्पे प्रणालीच्या बाजूने पुरे झाले आणि मदरबोर्डने इशारा मानला नाही. दोष बहुधा बायोसमध्ये किंवा एखाद्या ड्रायव्हरमध्ये असतो. संगणकाच्या उत्पादकाने बायोसची नवी आवृत्ती दिली असेल तर ती टाका. दुखणं कर्नल अद्ययावत केल्यानंतर सुरू झालं असेल, तर सुरुवातीच्या ग्रब मेनूतून आधीचा कर्नल निवडून पाहा. या एका अवस्थेत बटण दाबून धरायला हरकत नाही, कारण लिहायचं काहीच उरलेलं नसतं.

एक सावधगिरी. ‘रीच्ड टार्गेट’ आणि पुढे ‘पॉवर ऑफ’ ही ओळ वरच्या ओळीसारखी वाटते, पण ती टप्पा ४च्या आधी येते. तिच्यापाशी संगणक थबकला असेल तर शेवटची फेरी अजून बाकी आहे. दोन-तीन मिनिटं द्या.

घाबरवणारे पण निरुपद्रवी संदेश

‘वॉचडॉग डिड नॉट स्टॉप’ ही ओळ अनेक संगणकांवर रोज दिसते. वॉचडॉग म्हणजे संगणक गोठला तर तो पुन्हा सुरू करणारं घड्याळ. शटडाउन मध्येच गोठला तर उपयोगी पडावं म्हणून सिस्टमडी ते मुद्दाम चालू ठेवतो. ओळ तेवढंच सांगते. तसंच, नवी प्रणाली टाकल्यानंतरच्या पहिल्या रीबूटला ‘फेल्ड अनमाउंटिंग’ आणि पुढे ‘सीडीरॉम’ असं दिसू शकतं. ज्या पेन ड्राइव्हवरून प्रणाली टाकली ती काढा आणि एंटर दाबा. पुढे ती ओळ दिसणार नाही.

अगदीच अडलं तर

दिवा लुकलुकत नाही, तीन-चार मिनिटं गेली, मोजणी थांबली आहे. आता बळाचा वापर करायचा, पण पायरीपायरीने.

पायरी १: कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या कळा एकत्र, दोन सेकंदांत सातहून जास्त वेळा दाबा. सिस्टमडी याचा अर्थ ‘सेवांची वाट न पाहता लगेच रीबूट कर’ असा घेतो, पण डिस्क सोडवायचा प्रयत्न तरीही करतो.

पायरी २: ऑल्ट आणि सिसआरक्यू या कळा धरून ठेवा. सिसआरक्यू बहुधा प्रिंट स्क्रीनच्याच कळीवर असते. लॅपटॉपवर सोबत एफएन ही कळही लागू शकते. त्या धरून एस दाबा आणि काही सेकंद थांबा, मग यू, मग ओ. हे हुकूम थेट कर्नलकडे जातात. एस मळका मजकूर डिस्कवर लिहायला सांगतो, यू सगळ्या डिस्क ‘फक्त वाचा’ अवस्थेत नेतो, ओ वीज बंद करतो. उबुंटूमध्ये यांची परवानगी १७६ या आकड्याने दिलेली असते. तो १६, ३२ आणि १२८ यांची बेरीज आहे: १६ लिहिण्यासाठी, ३२ ‘फक्त वाचा’साठी, १२८ बंद किंवा रीबूट करण्यासाठी.

पायरी ३: हे काहीच चाललं नाही तरच बटण दाबून धरा. पुढच्या वेळी सुरू होताना प्रणाली कीर्द वाचून डिस्क तपासते. तिला मध्ये तोडू नका.

स्वाध्याय

१. तुमच्या संगणकावर वर सांगितलेली नोंदवहीची आज्ञा आजच देऊन पाहा. काही अडलेलं नसतानाची नोंद ओळखीची झाली, की अडल्यावर फरक लगेच डोळ्यात भरतो.

२. एक मोठी फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी करा. ‘पूर्ण’ दिसताक्षणी ‘सिंक’ ही आज्ञा द्या आणि ती परत यायला किती सेकंद लागतात ते मोजा. तेवढे सेकंद तुमची फाइल फक्त मेमरीत होती.

३. १६ गिगाबाइट मेमरीच्या संगणकात १० गिगाबाइट वापरायला मोकळी आहे आणि पेन ड्राइव्ह सेकंदाला २० मेगाबाइट लिहिते. जास्तीत जास्त किती वेळ थांबावं लागेल? (उत्तर: २००० भागिले २०, म्हणजे १०० सेकंद. मेमरी दुप्पट आणि पेन ड्राइव्हही दुप्पट वेगवान, पण थांबणं तेवढंच.)

आणि पुढच्या वेळी भारतातून फोन आला, “अरे, हा बंदच होत नाहीये, बटण दाबू का?” तर आधी एवढंच विचारा: “बाबा, स्क्रीनवर शेवटची ओळ काय आहे, ती अक्षर-अक्षर वाचून दाखवता का?” त्यांचं वाचून होईपर्यंत बहुधा दीड मिनिट उलटून गेलेलं असेल आणि संगणक आपला आपण बंद झालेला असेल. नाही झाला, तर कारण तुम्हाला कळलेलं असेल.